फोन वाजला की छातीत धस्स का होतं?

फोन हातातच असतो, स्क्रीनवर नाव झळकत असतं आणि आपण तो वाजून वाजून थांबायची वाट बघत बसतो. थांबला की पाच मिनिटांनी मेसेज जातो: "सॉरी, सायलेंटवर होता. काही काम होतं का?" असं कधीच केलं नाही म्हणणारा माणूस आता शोधावा लागेल. गंमत म्हणजे हीच माणसं दिवसभर त्याच फोनला चिकटलेली असतात. रील बघतात, सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून तावातावाने भांडतात, तीन-तीन मिनिटांच्या व्हॉइस नोट पाठवतात. नको असतो तो फक्त कॉल.

या भीतीला 'टेलिफोबिया' असं भारदस्त नाव मिळालंय, पण त्या नावाचा वेगळा आजार मानसोपचाराच्या निदान-पुस्तिकेत नाही. तिथे आहे तो 'सोशल अँग्झायटी डिसऑर्डर'. लोक आपल्याला जोखतील, आपलं हसं होईल ही भीती साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकली आणि तिच्यापायी रोजची कामं अडायला लागली, की डॉक्टर हे निदान करतात. फोनची भीती बऱ्याचदा त्याच मोठ्या भीतीचा एक भाग असते. बऱ्याचदा म्हणतोय, नेहमी नाही. दोनशे माणसांसमोर बिनधास्त भाषण ठोकणारा माणूस गॅस एजन्सीला फोन लावताना अडखळतो, हेही सर्रास दिसतं. म्हणून 'मला आजार आहे का' यात फार न अडकता आधी एवढंच बघावं: फोन टाळल्यामुळे माझं काय काय अडतंय?

ओळखायची कशी

छाती धडधडणं, घशाला कोरड, तळहाताला घाम, पोटात गोळा हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ही लक्षणं फोन चालू असतानाची, आणि तो वेळ जेमतेम दोन-तीन मिनिटांचा. भीतीचा खरा मुक्काम असतो आधी आणि नंतर.

आधीचा प्रकार असा. सकाळी ठरतं, आज दवाखान्यात फोन करायचा. "चहा झाला की करते." मग "आत्ता गर्दी असेल, बाराला करते." बाराला, "आता जेवायला गेले असतील." चारला, "आता नको, वैतागलेले असतील." सहाला दवाखान्याची वेळ संपते आणि सुटल्यासारखं वाटतं: चला, उद्या बघू. यातलं एकही कारण खोटं नसतं, म्हणूनच आपली आपल्यालाही शंका येत नाही. नंतरचा प्रकार याच्या उलटा. बोलणं संपलेलं असतं, कामही झालेलं असतं, पण रात्री अंथरुणात उजळणी चालू: मी 'हो हो हो' असं तीनदा का म्हटलं? त्या बाई मध्येच हसल्या का? मी नाव सांगितलं की नाही?

आणि मग आडवाटा. एका फोनवर होणाऱ्या कामासाठी रिक्षा करून जाऊन नंबर लावणं. "तू कर ना माझ्याऐवजी" म्हणून बहिणीच्या हातात फोन देणं. जुन्या घरमालकाकडे अडकलेलं डिपॉझिट महिनोन् महिने न मागणं. नोकरीसाठी शंभर ठिकाणी अर्ज करायचे, त्यावर स्वतःचा नंबर द्यायचा आणि एचआरचा फोन आला की तो वाजू द्यायचा. इथे भीती पैशांत मोजता येते.

एक गोष्ट मात्र वेगळी काढायला हवी. अनोळखी नंबर न उचलणं म्हणजे घाबरटपणा नव्हे. आपल्याकडे सध्या ते शहाणपणाचंच आहे. पोलिसांचा गणवेश घालून व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अरेस्ट' करणाऱ्या टोळ्या आहेत. कायद्यात अशी अटक नाही, आणि असा प्रकार झालाच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जाहिरातीच्या कॉलना १४० ने सुरू होणारे नंबर आहेत, बँका आणि विमा कंपन्यांच्या कामाच्या कॉलसाठी १६०० ची मालिका आहे, त्यामुळे थोडं चाळून घेता येतं. कर्जाचे हप्ते थकलेल्या माणसाला फोनची धास्ती बसते तीही वेगळी. तिचं मूळ मनात नसतं, वसुली एजंटाच्या भाषेत असतं. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्यांनी वसुलीसाठी फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय. अशा फोनवर श्वासाचे व्यायाम सुचवणं हा क्रूरपणा आहे. तिथे तक्रार करायची असते.

हा लेख ज्या फोनबद्दल आहे ते ओळखीचे, कामाचे, निरुपद्रवी फोन आहेत. दवाखाना, बँकेची शाखा, शाळा, मामा.

आवाज येतो, माणूस येत नाही

मेसेज चालतो आणि कॉल चालत नाही, यामागे नुसता लाजरेपणा नाही. फोनवर बोलणं हे मेंदूसाठी खरोखरच कष्टाचं काम आहे.

दोन माणसं गप्पा मारतात तेव्हा एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला किती वेळ जातो? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरातल्या दहा भाषांमधली संभाषणं मोजली होती. सरासरी निघाली सुमारे २०० मिलीसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानी माणसं सगळ्यांत झटपट, डॅनिश सगळ्यांत सावकाश, पण फरक थोडाच. (त्या दहांत मराठी नव्हती. आपल्याकडे समोरच्याचं संपायच्या आधीच सुरू करायची पद्धत आहे, तेव्हा आकडा उणे आला असता की काय, असं गमतीने वाटतं.) आता दुसरी बाजू बघा. एखादं साधं चित्र दाखवून त्याचं नाव विचारलं तर ते तोंडातून यायलाच अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. याचा अर्थ, समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज बांधत असतो आणि आपलं उत्तर जुळवत असतो. एरवी या अंदाजाला मदत होते: भुवया, हाताची हालचाल, बोलण्याआधी घेतलेला श्वास. फोनवर ही सगळी मदत काढून घेतली जाते आणि पूर्ण भार कानावर येतो.

त्यात लाइनचा उशीर. आवाज इकडून तिकडे पोचायला १५० मिलीसेकंदांपर्यंत वेळ लागला तर सहसा कळत नाही आणि तो ४०० च्या वर जाऊ नये, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. नेट कमजोर असताना केलेला व्हॉट्सॲप कॉल आठवा. दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, मग "तुम्ही बोला", "नाही नाही, तुम्ही बोला". २०१४ मध्ये जर्मन संशोधकांनी अशा कॉलमध्ये मुद्दाम उशीर घालून पाहिला. दोष तारेचा होता, पण लोकांनी तो माणसावर ढकलला. पलीकडचा माणूस लक्ष देत नाही, तेवढा मनमोकळा नाही, असं त्यांना वाटलं. फोनवर समोरची व्यक्ती 'तुटक' बोलली म्हणून तुम्ही रात्रभर तळमळला असाल, तर त्यातला काही वाटा टॉवरचा असू शकतो.

आवाजही पूर्ण येत नाही. जुन्या पद्धतीच्या फोनमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. 'स', 'फ' यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा बराचसा फुसफुसाट त्याच्या वर असतो, तो कापला जातो. म्हणून तर ईमेल आयडी सांगताना "बी फॉर बॉम्बे, पी फॉर पुणे" करावं लागतं. फोरजीवरच्या नव्या कॉलमध्ये पट्टा रुंद झालाय, आवाज स्वच्छ येतो; पण दोन्हीकडचा फोन आणि नेटवर्क तसं हवं. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांची तर इथे दुहेरी पंचाईत. अनेक आजोबा फोनवर "हां हां, ठीक आहे" म्हणून पटकन ठेवून देतात. घरच्यांना ते तुसडे वाटतात, पण त्यांना ऐकूच आलेलं नसतं.

शिवाय कॉलमध्ये खोडरबर नाही. मेसेज लिहिता, पुसता, परत लिहिता. इथे निघालं ते निघालं. आणि शांततेला जागा नाही. समोरासमोर बसून दोन सेकंद विचार केला तर माणूस विचार करताना दिसतो. फोनवर त्याच दोन सेकंदांत पलीकडून "हॅलो? हॅलो? आवाज येतोय का?" सुरू होतं.

मराठी घरातला फोन

काही अडचणी खास आपल्या. पहिलं वाक्य कुठल्या भाषेत टाकायचं? मुंबई-पुण्यात अनोळखी आवाजाशी मराठी माणूसही आधी हिंदीत सुरू करतो आणि मग दोघांनाही पलीकडचा मराठीच आहे हे अर्ध्या कॉलनंतर कळतं. मग हाक काय मारायची? समोर माणूस दिसला की काका, दादा, ताई, मॅडम हे एका नजरेत ठरतं. फोनवर वय दिसत नाही. 'काका' म्हणावं आणि पलीकडे पंचविशीतला पोरगा निघावा. गावाकडून शहरात आलेल्या मुलांना आपला 'न' आणि 'ण' कोणी हेरेल ही धाकधूक वेगळीच, आणि एचआर इंग्रजीत बोलणार असेल तर विचारूच नका.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्या घरांत फोन कधी खासगी नव्हताच. पूर्वी अर्ध्या वाड्याचा नंबर शेजारच्यांचा असायचा, पत्त्याखाली 'पीपी' लिहून. निरोप यायचा, "तुमचा फोन आलाय", आणि मग दुसऱ्याच्या दिवाणखान्यात, पाच माणसांच्या देखत, रिसीव्हर कानाला लावून बोलायचं. रात्री-बेरात्री आलेला ट्रंक कॉल म्हणजे कोणीतरी गेलं, हे समीकरण त्या पिढीच्या अंगात अजून आहे. साठीपुढच्या अनेकांना रात्री अकरानंतरच्या रिंगनेच घाम फुटतो. भारतात पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला, पण त्यानंतरही २००३ पर्यंत येणाऱ्या कॉलचेसुद्धा पैसे पडायचे. त्यामुळे "कामाचं बोल, बिल पडतंय" हेच मोबाइलवरच्या बोलण्याचं पहिलं वळण.

आणि लहानपणचा तो प्रकार तर बहुतेकांनी भोगलाय. आई फोनवर काकूशी बोलत असते, मूल शेजारी खेळत असतं. अचानक फोन कानाला लागतो: "घे, काकूशी बोल. बोल ना! विचार, कशी आहेस." मूल गप्प. पलीकडून "ओळखलंस का मी कोण?" ही परीक्षा. इकडे आई डोळे मोठे करून खुणा करतेय, बाबा हसतायत. शेवटी "लाजतोय गं" असा शेरा मारून फोन परत घेतला जातो. एवढ्याने कोणाला विकार जडतो असा माझा दावा नाही. पण फोनवर बोलणं म्हणजे प्रेक्षकांसमोर परीक्षा, हे गणित पाच-सहा वर्षांच्या वयात बसवण्याची ही उत्तम सोय आहे.

टाळलं की का वाढतं

शरीराचं काम सरळ आहे. धोका दिसला की ॲड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात, श्वास उथळ होतो. फोन कट केला की क्षणात बरं वाटतं. त्या बरं वाटण्यातच गोम आहे. मेंदू नोंद करतो: टाळलं आणि वाचलो, म्हणजे धोका खरा होता. पुढच्या वेळी भीती थोडी आधी येते, थोडी जास्त येते. उधारी ढकलत नेल्यासारखं हे आहे. आजचा दिवस निभावतो, रक्कम वाढते. शिवाय फोन केला असता तर 'काहीही वाईट झालं नाही' हे जे कळलं असतं, ते कळण्याची संधीच जाते.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती महाराष्ट्रात बरीच रुजली आहे. ठाण्याच्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) सारख्या संस्थांमुळे ती अनेक मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. तिचा गाभा असा: घटना आणि भावना यांच्यामध्ये आपली एक धारणा बसलेली असते. फोन वाजला ही घटना, धडधड हा परिणाम. मधली धारणा काय? 'मी अडखळलो तर तो भयंकर अपमान असेल.' 'मला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिथल्या तिथे आलंच पाहिजे.' या 'च'वर एलिसचा सगळा रोख. अडखळणं आवडत नाही, हे ठीक. अडखळलं तर सहन होणार नाही, हे तपासून बघायचं. स्वतः एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला कमालीचे घाबरायचे. एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात बाकावर बसलेल्या शंभरेक अनोळखी स्त्रियांशी त्यांनी ठरवून गप्पा मारल्या. भेटायला येते म्हणाली फक्त एक, तीही आली नाही. पण कोणी पोलिसांना बोलावलं नाही, आणि त्यांची भीती गेली.

आपला अंदाज किती चुकतो याचा आणखी एक पुरावा. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात लोकांना जुन्या मित्राशी संपर्क साधायला सांगितलं, काहींना फोनवर, काहींना ईमेलवर. फोनवर जास्त अवघडल्यासारखं होईल, असं लोकांनी आधी सांगितलं होतं. प्रत्यक्षात अवघडलेपणात फरक पडला नाही. जवळीक मात्र फोनवाल्यांना जास्त जाणवली.

एक फोन लावून बघू

दातांच्या दवाखान्यात वेळ घ्यायची आहे. कागद घ्या, पाठकोरा चालेल. पहिलं वाक्य पूर्ण लिहा, कारण जीभ अडते ती पहिल्याच वाक्याला: "नमस्कार, मी अमुक बोलतेय. डॉक्टरांची शनिवारी संध्याकाळची वेळ मिळेल का?" त्याखाली फक्त मुद्दे: शनिवार नसेल तर सोमवार. फी किती. जुना एक्स-रे आणायचा का. संपूर्ण संवाद लिहू नका. लिहिलात तर पलीकडून पहिलाच प्रश्न येतो, "जुने पेशंट की नवीन?", तो तुमच्या कागदावर नसतो आणि सगळं कोसळतं.

त्याऐवजी दोन-तीन वाक्यं अशी हाताशी ठेवा, जी कुठल्याही फोनवर वेळ मिळवून देतात. "एक मिनिट, लिहून घेते." "जरा परत सांगता का, आवाज तुटला." "घरी विचारून संध्याकाळपर्यंत कळवते." फोनवर शांतता सहन होत नाही, म्हणून तिला नाव द्यायचं, 'लिहून घेते' म्हटलं की पलीकडचा निवांत थांबतो. आणि संपवायचं वाक्यही ठरवा. कित्येकांना बोलणं जमतं, पण फोन ठेवायचा कसा हे कळत नाही, मग "बरं… हं… चला मग… बरं" असं घोळत राहतं. "ठीक आहे, शनिवारी सहाला येते. ठेवते." झालं.

लावण्याआधी दोन-तीन श्वास, आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणं लांब. त्याने ठोके जरा उतरतात. धडधड पूर्ण थांबायची वाट बघू नका, ती थांबत नसते. धडधडत्या छातीनेच नंबर लावायचा असतो.

बोलताना लक्ष स्वतःच्या आवाजावर जाईल. 'मी कसा वाटतोय' हा विचार सुरू झाला की समोरचं ऐकू येईनासं होतं. यावर मला सगळ्यांत उपयोगी वाटतो तो पेन: ते काय बोलतात ते टिपत राहा. कान आणि हात कामाला लागले की स्वतःकडे बघायला फारशी सवड उरत नाही.

सुरुवात सोप्यापासून करावी. संगणकाचा आवाज ऐकू येणाऱ्या नंबरवर मराठीचा पर्याय निवडून माहिती ऐकणं, मग दुकान किती वाजेपर्यंत उघडं आहे एवढंच विचारणं, मग हॉटेलात टेबल, मग दवाखाना, मग चुकलेलं बिल, आणि सर्वांत शेवटी घरमालक. एक पायरी कंटाळवाणी वाटू लागली की पुढची. कंटाळा येणं हीच खूण. दर वेळी फोन करण्याआधी 'काय वाईट होईल' ते एका ओळीत लिहायचं आणि नंतर 'काय झालं' ते शेजारी. थोड्या दिवसांत तो कागद वाचायला मजा येते.

सगळे फोन उचललेच पाहिजेत असं माझं म्हणणं नाही. ज्याचं काम मेसेजवर भागतं त्याने खुशाल मेसेज करावा. कोणतं टाळणं सोयीचं आणि कोणतं भीतीचं, हे आपलं आपल्याला आतून कळतं.

घरच्यांनी आणि साहेबांनी एवढं करावं: "फोन कर" एवढे दोन शब्द पाठवू नयेत. त्यावर माणूस दहा अनर्थ रचतो. "फोन कर, रविवारच्या जेवणाबद्दल विचारायचंय" असं लिहायला पाच सेकंद जास्त लागतात. न विचारता स्पीकरवर टाकू नये. आणि सतत त्याच्या वतीने फोन लावून देऊ नयेत. शेजारी बसावं, नंबर मात्र त्याला लावू द्यावा.

मदत कधी घ्यायची

नोकरी, उपचार, शिक्षण अडतंय, फोनच नव्हे तर बँकेच्या खिडकीशी, वर्गात, लग्नकार्यातही हीच घालमेल होते, किंवा धडधडीने झोप उडाली आहे, तर एकट्याने झुंजत बसू नये. विचार आणि वर्तन दोन्हींवर काम करणारी सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी) ही उपचारपद्धती या भीतीवर चांगली चालते. गरज पडली तर डॉक्टर औषधही देतात. मित्राला लागू पडलेली गोळी मेडिकलमधून आणून घेऊ नका. धडधड थांबवायला काही जण घेतात ती प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णाला धोक्याची ठरू शकते.

तोतरेपणा असलेल्यांसाठी फोन हा फार जुना शत्रू. शब्द अडकला की पलीकडच्याला वाटतं लाइन गेली. "मी अडखळत बोलतो, जरा थांबा" हे सुरुवातीलाच सांगून टाकल्याने अनेकांचा ताण निम्मा होतो. वाचा-उपचारतज्ज्ञ आहेत, शिवाय 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन' या संस्थेचे स्वमदत गट आहेत.

सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. फोनला घाबरणाऱ्या माणसाला मदतीसाठी फोन नंबर द्यायचा, यातला विनोद मलाही कळतो. तो लावणं जमत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही असते. सकाळी जाऊन रांगेत उभं राहायचं. केसपेपर काढायला फोन लागत नाही.